सुरतेची साथ आणि उंडेऱ्याची वाटणी

मराठी माणसाला सुरत प्रथम भेटते ती चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ ची पहिली स्वारी आणि १६७० ची दुसरी, एवढ्यावर पुष्कळांची सुरत संपते. आपल्या सीमेवरच्या घरांची सुरत याहून निराळी आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत उभे आहे. त्या स्थानकावरून खानदेशातली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे पोटासाठी पश्चिमेकडे गेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि यंत्रमागावर गुजराती-हिंदी असा व्यवहार चालतो. त्यामुळे सुरतेत साथ आली की तिची झळ नंदुरबार-धुळ्याच्या घराघरांत पोहोचते, आणि साथीबरोबर औषधेही पोहोचतात.

या औषधांविषयीच मला लिहावयाचे आहे. साथीच्या काळात आपण अमुक औषध घेतले आणि वाचलो. ते औषधाने वाचलो, की नाही तरी वाचणारच होतो? प्रश्न साधा दिसतो. परंतु होमिओपॅथीच्या शास्त्रीय संशोधनापुढे गेली दोनशे वर्षे ज्या अडचणी उभ्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ याच प्रश्नात आहे. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. तेव्हा इतिहासाच्या वाटेनेच या प्रश्नाकडे जाणे मला सोयीचे.

चौथे घर

सन १९९४ च्या ऑगस्टअखेरीस बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग दिसल्याची बातमी आली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत, वेड रोडच्या बाजूच्या श्रमिक वस्तीत, फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली. तापीचा पूर नुकताच ओसरला होता, गणेशविसर्जनाची गर्दी होऊन गेली होती. ‘प्लेग’ हा शब्द कानोकानी होताच चार-पाच दिवसांत काही लाख माणसांनी सुरत सोडली. बसगाड्या आणि आगगाड्या तुडुंब भरल्या. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. सुरतेत मृत्यूंचा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला.

मी त्या वर्षी शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. आमच्या गावातही सुरतेहून माणसे परतली. एका घराने सर्वांना टेट्रासायक्लिन दिले. दुसऱ्या घराने एका होमिओपॅथ डॉक्टरांकडून साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची बाटली आणली. तिसऱ्या घरात सकाळ-संध्याकाळ कडुनिंबाच्या पाल्याची धुरी आणि मुलांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी. गावात प्लेगचा एकही रोगी निघाला नाही. दिवाळीत पारावर गप्पा बसल्या, तेव्हा पहिले घर कॅप्सूलचे गुण गात होते, दुसरे गोळ्यांचे आणि तिसरे कडुनिंबाचे. तिघेही प्रामाणिक होते. गावात चौथेही एक घर होते. त्या घरच्या माणसांनी पैशांअभावी म्हणा किंवा आळसाने म्हणा, काहीच केले नव्हते, आणि तीही धडधाकट होती. मात्र त्या घराला कोणी काही विचारले नाही.

वैद्यकातील संशोधन म्हणजे दुसरे काही नसून त्या चौथ्या घराला विचारणे होय. औषध घेणाऱ्यांचे काय झाले हे सगळेच सांगतात. न घेणाऱ्यांचे काय झाले हे मुद्दाम शोधावे लागते.

सुरतेच्या त्या साथीत मुळात रोग कोणता, यावरही वाद माजला होता. कोणी म्हणे प्लेग, कोणी म्हणे दुसराच काही ज्वर. रोग्याच्या पोटात प्रतिजैविक आधीच गेलेले असले की त्याच्या थुंकीतून जंतू वाढवून दाखविणे अवघड होते. म्हणजे जीव वाचवणारी घाईच पुराव्याच्या आड येते. डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये प्लेगच्या बाजूने निष्कर्ष दिला आणि हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००० साली जनुकीय तपासणीने तो प्लेगचाच जंतू असल्याचे दाखविले. प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडलेल्या साथीचे नाव पक्के व्हायला इतकी वर्षे लागतात. मग ‘गोळ्यांनी साथ टळली’ हे पारावर बसून कसे ठरणार?

उंडेऱ्यातील वाटणी

हा प्रश्न योग्य रीतीने विचारला गेला त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच, मराठी राजाच्या राज्यात घडले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढील वर्षभरात काय घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात रँडचा वध झाला तोही याच प्लेगच्या छायेत. याच काळात ओडेसात जन्मलेले वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगवरील लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार असलेल्या कैद्यांना लस दिली. लस घेतलेल्यांत रोगी कमी निघाले. परंतु येथे शंकेला जागा होती. लस घ्यायला स्वतःहून पुढे येणारा कैदी मुळातच अधिक सशक्त, अधिक जपणारा असला तर? म्हणून पुढच्या जानेवारीत उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचण्यात आले. त्यात कैद्याच्या इच्छेचा किंवा डॉक्टरच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरला नाही.

त्यानंतर फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळचे उंडेरा हे गाव. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राज्यातील साडेनऊशे-हजार वस्तीचे हे खेडे, आणि प्लेग आधीच गावात शिरलेला. येथे लस देताना घराघरांत वाटणी केली गेली. प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नाही. एकच चूल, एकच पाणी, तेच उंदीर आणि तेच छप्पर. फरक फक्त लशीचा. नंतर अठ्ठावीस घरांत प्लेग झाला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले.

हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले गप्प होतात. त्या सव्वीस जणांत कोणाची आई होती, कोणाचे मूल होते. आज कोणतीही नीतिसमिती अशी वाटणी इतक्या सहजासहजी मान्य करणार नाही, आणि त्या काळी गावकऱ्यांना किती समजावून सांगितले असेल हा प्रश्नही मनात येतोच. परंतु त्या सव्वीस मृत्यूंनी जे शिकवले, त्यावर पुढे लक्षावधी लोकांनी लस टोचून घेतली. हाफकिन यांची प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि १९२५ पासून तिला त्यांचेच नाव आहे.

न्युरेंबर्गचे मीठ

होमिओपॅथीला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असे मात्र नाही. उलट तो तिला फार लवकर विचारला गेला. साम्युएल हानेमान (१७५५–१८४३) हे जर्मन डॉक्टर. त्या काळचे वैद्यक म्हणजे रक्त काढणे, जुलाब देणे आणि पारा पाजणे. त्या अघोरी उपचारांना कंटाळून त्यांनी नवा मार्ग शोधला. निरोगी माणसात जे द्रव्य जी लक्षणे उत्पन्न करते, तेच द्रव्य सूक्ष्म मात्रेत ती लक्षणे असलेल्या रोग्याला बरे करते, हा त्यांचा सिद्धान्त. १८१० मध्ये त्यांचा ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ निघाला. हानेमानांच्या सौम्य गोळ्यांनी निदान रोग्याला अपाय होत नसे. त्या काळात हेही थोडे नव्हते.

हानेमान हयात असतानाच, १८३५ च्या फेब्रुवारीत, न्युरेंबर्ग शहरात एक जाहीर परीक्षा झाली. नेहमीचे मीठ होमिओपॅथीच्या रीतीने तीस वेळा विरल करून दिले तर निरोगी माणसालाही त्याची लक्षणे जाणवतात, असे एका होमिओपॅथ डॉक्टराचे आव्हान होते. शंभर कुप्या घेतल्या. त्यांतील निम्म्यांत ते विरल मीठ, निम्म्यांत नुसते वितळलेल्या बर्फाचे पाणी. कुप्या मिसळून त्यांवर क्रमांक घातले आणि यादी मोहोरबंद केली. कोणत्या कुपीत काय, हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला. पन्नास जणांनी आपला अनुभव कळविला. बेचाळीस जणांना काहीच जाणवले नाही. आठ जणांना काही जाणवले. यादी उघडली तेव्हा त्यांतील पाच मिठाचे निघाले आणि तीन पाण्याचे. म्हणजे पाण्यानेही तिघांना ‘लक्षणे’ आली! घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही अंधारात ठेवण्याची जी पद्धत आज औषधपरीक्षेचा कणा समजली जाते, तिचा हा अगदी आरंभीचा नमुना होमिओपॅथीच्याच निमित्ताने घडला.

तीस वेळा विरल करणे म्हणजे काय, हेही येथे सांगितले पाहिजे. एक थेंब शंभर थेंबांत, त्यातला एक थेंब पुन्हा शंभरात, असे तीसदा. मूळ द्रव्य एकामागे साठ शून्ये इतके पातळ होते. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा तरी रेणू उरेल याची खात्री संपते. रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज निघाला १८६५ मध्ये, हानेमानांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, एवढाच फरक. म्हणूनच होमिओपॅथीच्या दाव्याला विज्ञान अधिक भक्कम पुरावा मागते; त्यात दुष्टावा नाही.

आपल्या देशात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांचे नाव पहिल्या ओळीत येते. १८६३ चे एम. डी., आधुनिक वैद्यकातील नामांकित डॉक्टर आणि आरंभी होमिओपॅथीचे कडवे टीकाकार. होमिओपॅथीवरील एका पुस्तकावर परीक्षण लिहिण्याच्या निमित्ताने त्यांनी रोगी स्वतः पाहावयास सुरुवात केली, मत बदलले, आणि १८६७ मध्ये भर सभेत ते बोलून दाखविले. व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकले, दवाखाना ओस पडला. याच गृहस्थांनी १८७६ मध्ये भारतीयांनी भारतीयांसाठी चालविलेली विज्ञान संशोधनाची संस्था उभारली. तिच्याच प्रयोगशाळेत १९२८ साली चंद्रशेखर रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. होमिओपॅथीवर श्रद्धा ठेवणारा मनुष्य विज्ञानाचा शत्रू असतो, असे समजणाऱ्यांनी हे चरित्र जरूर वाचावे. मात्र सरकारांनी जे पाहिले ते बरे झालेले रोगी. न्युरेंबर्गसारखी मोहोरबंद यादी त्यांच्याजवळ नव्हती.

अडचणी खऱ्या आणि सांगण्याच्या

होमिओपॅथ मित्रांशी बोलताना संशोधनातील अडचणी ऐकावयास मिळतात. त्यांपैकी काही खऱ्या आहेत, काहींना उत्तर आहे.

पहिली अडचण अशी की, होमिओपॅथीत रोगाला औषध नसते, रोग्याला असते. दहा जणांच्या सर्दीला दहा निरनिराळी औषधे निघतील. मग एकाच औषधाची परीक्षा कशी घेणार? मुद्दा रास्त आहे, पण त्यावर तोड आहे. डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासून हवे ते औषध लिहावे. औषध देणाऱ्याने गुप्त यादीप्रमाणे निम्म्यांना ते द्यावे आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या. याबाबतीत होमिओपॅथीला उलट सोयच अधिक. कडू काढ्याची किंवा शस्त्रक्रियेची नक्कल करणे कठीण. साखरेच्या गोळीची नक्कल साखरेच्या गोळीने सहज होते.

दुसरी अडचण रोगाच्या स्वभावाची. चामखीळ, गोवर, पडसे, पुष्कळसे ताप हे आपल्या मुदतीने जातात. जुनाट दुखणी कमी-जास्त होत राहतात आणि मनुष्य डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असते. तिसरी गोष्ट संभाषणाची. होमिओपॅथ डॉक्टर तासभर बसून झोप, स्वप्ने, भीती, घरचे ताण विचारतात. सरकारी दवाखान्याच्या रांगेत दोन मिनिटे मिळालेल्या माणसाला या तासाचेच औषध होते. तो गुण गोळीचा की ऐकून घेण्याचा, हे वेगळे काढल्याशिवाय कळत नाही. चौथी अडचण पद्धतीच्या आतली आहे. रोग उतरला तर औषध लागू पडले, आणि आधी वाढला तरीही औषध लागू पडल्याची खूण, असे मानले की परीक्षेत नापास होण्याची सोयच राहत नाही. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार खटकते. ज्या परीक्षेत कोणी नापास होऊच शकत नाही, तिच्या उत्तीर्ण गुणपत्रिकेला किंमत ती काय?

पाचवी अडचण सर्वांत गंभीर. ज्या रोगावर खात्रीचे औषध आहे, त्या क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याला ते न देता कोऱ्या गोळीवर ठेवणे हे पाप आहे. म्हणून अशा परीक्षा हलक्या दुखण्यांपुरत्या राहतात, आणि हलकी दुखणी तर आपोआपच बरी होतात.

या अडचणींतूनही परीक्षा झाल्याच. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्या शेजारी ठेवून तपासल्या. मोठ्या आणि काटेकोर चाचण्याच तेवढ्या निवडल्या तेव्हा होमिओपॅथीचा गुण कोऱ्या गोळीइतकाच उरला. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये असाच निष्कर्ष काढला. होमिओपॅथांनी या दोहोंच्या रीतीवर आक्षेप घेतले आहेत, हेही नमूद करतो. आपल्या पवईच्या आय. आय. टी.तील संशोधकांना २०१० मध्ये धातूंपासून केलेल्या अतिविरल औषधांत धातूचे अतिसूक्ष्म कण आढळले. ते काम लक्षणीय आहे. पण बाटलीत काय आहे आणि रोगी कशाने बरा झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

पुन्हा सुरत

सन २०२० मध्ये सुरत पुन्हा साथीत सापडली. मार्चअखेर यंत्रमाग थांबले, हिऱ्यांचे कारखाने बंद झाले. १९९४ मध्ये माणसे आगगाडीने पळाली होती. या वेळी गाड्याही बंद. जुलैपर्यंत सुरत हे गुजरातेतील करोनाचे एक मोठे केंद्र झाले होते. जानेवारीच्या अखेरीसच केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक म्हणून ‘आर्सेनिकम अल्बम ३०’ ही होमिओपॅथिक गोळी सुचविली होती: तीन दिवस, रोज अनशापोटी एक मात्रा. आपल्याकडील कित्येक गावांतही ती वाटली गेली. गुजरात सरकारने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सांगितले की राज्याच्या निम्म्याहून अधिक लोकसंख्येला ही गोळी पोहोचली आहे. आणि विलगीकरणात आयुष औषधे घेतलेल्यांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांना करोना झाला नाही.

नव्याण्णव टक्के! आकडा डोळे दिपवणारा आहे. पण उंडेऱ्याची वाटणी माहीत असलेला मनुष्य लगेच विचारील: त्याच विलगीकरणात ज्यांनी गोळी घेतली नाही, त्यांच्यापैकी किती टक्क्यांना झाला नाही? तोही आकडा नव्याण्णवच्या आसपास असेल तर गोळीने काही केले नाही. तो ऐंशी असेल तर गोळीने मोठेच काम केले. दुसऱ्या आकड्यावाचून पहिला आकडा मुका आहे.

मला यात राग येतो तो एका गोष्टीचा. कोट्यवधी लोकांना गोळ्या वाटण्याची यंत्रणा उभी होती. काही गावांना आधी आणि काही गावांना महिन्याने, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली असती, तर कोणाचेही काही न हिरावता होमिओपॅथीच्या दोनशे वर्षांच्या वादाला एक ठोस उत्तर मिळाले असते. गोळी खरोखर गुणाची असती तर साऱ्या जगाला सुरतेचे नाव घ्यावे लागले असते. ही संधी होमिओपॅथीच्या टीकाकारांनी घालविली असे म्हणता येणार नाही.

त्याच वर्षीच्या अखेरीस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेल्या कोव्हॅक्सिन लशीची चाचणी सुरू झाली. सुमारे २५,८०० माणसांची वाटणी. निम्म्यांना लस, निम्म्यांना कोरी सुई, आणि कोणाला काय मिळाले हे गुप्त. यादी उघडली तेव्हा करोनाचे १३० रोगी मोजले गेले: लशीच्या बाजूला २४, कोऱ्या सुईच्या बाजूला १०६. या लशीला निकाल हाती येण्यापूर्वीच, जानेवारी २०२१ मध्ये, परवानगी दिली गेली म्हणून शास्त्रज्ञांनी टीका केली, आणि ती योग्यच होती. म्हणजे हा प्रश्न फक्त होमिओपॅथीला विचारायचा असे नाही. टेट्रासायक्लिनला, लशीला, काढ्याला, सर्वांना एकच माप.

आपल्या दोन भाषांच्या मुलखात औषधेही दोन्ही बाजूंनी येतात. सुरतेचा भाचा एक बाटली आणतो, नाशिकची आत्या दुसरी. प्रेमाने दिलेल्या बाटलीला नाही म्हणू नये. मात्र तिच्यासाठी क्षयाच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा बाळाची लस थांबवू नये, इतके तारतम्य घराघरांत हवे. होमिओपॅथीच्या महाविद्यालयांतून शिकणारी आपली मुले-मुली तर हुशार आहेत. त्यांनी मनावर घेतले तर आपल्या बाह्यरुग्ण विभागात मोहोरबंद यादीची एखादी लहानशी परीक्षा घेणे त्यांना अशक्य नाही. न्युरेंबर्गकरांनी ती १८३५ मध्ये शंभर कुप्यांवर केली होती.

यंदा आमच्या नववीच्या वर्गात उंडेऱ्याचे आकडे मांडून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, त्या निम्म्या लोकांना नंतर तरी लस दिली का?” तिला मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाची किल्ली दिली.